आत्याबाईंची गादी

आमच्या गावात चैत्राचा महिनाभर कापूस पिंजत नाहीत. एखाद्या पिंजाऱ्याला त्या महिन्यात नुसतं गावावरून जायचं असलं, तरी त्याला पिंजायच्या कमानीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, सैल करून, वर फडकं गुंडाळून जावं लागतं. तात वाजली तर देवीला राग येतो असं मानतात. कारण विचारलं की यंदापर्यंत ठरलेली गोष्ट ऐकायला मिळायची. मागे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या काळात गावच्या पिंजाऱ्याने अमरावतीच्या बाजारातून जुन्या गाद्यांचा कापूस आणला. त्यातून देवीची साथ आली, माणसं गेली. गावाने पिंजाऱ्याचं घर उठवलं, वेशीजवळ देवीचं ठाणं बांधलं, आणि देवी शांत झाली. पुजारी ही गोष्ट सांगायचा, त्याच्याआधी त्याचा बाप सांगत असे. चैत्रात ठाण्यापुढे पहिला नारळ आमच्या घरचा असतो. वडिलांच्या मागे तो मी फोडत आलो आहे.

या गोष्टीतला काळ बरोबर आहे, कापसाचा भाव बरोबर आहे, जुनी गादीही बरोबर आहे. फक्त गादी अमरावतीची नव्हती. ती आमच्या घरची होती आणि पिंजाऱ्याच्या दारात ती मी नेऊन टाकली होती.

यंदा त्या पिंजाऱ्याच्या मुलीचा मुलगा गावात जागा मागायला आला, तेव्हा हे मी चारचौघांत सांगितलं. पण महिन्याच्या आत माझ्या सांगण्याचं भलतंच काही होऊन बसलं. म्हणून आता लिहून ठेवतो.

आमचं गाव अकोटाहून हिवरखेडकडे जाणाऱ्या वाटेला लागून आहे. वडिलांची जमीन काळी आणि बऱ्यापैकी मोठी होती. त्या वर्षांत अमेरिका नावाच्या मुलखात भाऊ भाऊ आपसात लढत होते. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि विलायतेला एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. भाऊबंदकी आमच्याकडेही घरोघर होती, पण दुसऱ्यांच्या भाऊबंदकीतून एवढी बरकत येते हे आम्ही प्रथमच पाहत होतो. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. आम्हीही घातल्या. बैलांना त्याने काही फरक पडला नाही.

शेतातला कापूस वेचून संपत आला, तरी मागणी संपेना. तेव्हा लोकांनी आपापली घरं धुंडाळली. गाद्या उसवल्या, उशा उसवल्या, लोडांची पोटं फाडली. तो जुना कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा, नव्यात मिसळायचा आणि गाडी अमरावतीला लावायची. एका घरी मुलगी पाहायला पाहुणे आले, तर त्यांना टेकायला लोड नव्हता. त्यावरून सोयरीक मोडली नाही. उलट घर व्यवहारी आहे असं पाहुण्यांचं मत झालं. त्या थंडीत गावातली खाऊनपिऊन सुखी माणसं चटईवर कुडकुडत निजली.

आमच्या घरात एकच गादी उरली होती, ती आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या आणि माझी आई गेल्यावर घर त्यांनीच चालवलं. वडील गावात कुणाला भीत नसत, पण आत्याबाईंच्या गादीला हात लावायचं त्यांनी मनातही आणलं नाही.

माघात आत्याबाई एका बारशाला अमरावतीला गेल्या. परत आल्या आणि थोड्या दिवसांनी त्यांना ताप भरला. कंबर धरली, ओकाऱ्या झाल्या. मग ताप उतरला आणि तोंडावर, हातांवर दाणे दिसू लागले.

आमच्याकडे कुठलीही बाई हे दाणे पाहून सांगू शकत असे. तोंडावर आणि हातापायांवर दाट, सगळे दाणे एकाच वयाचे, तळहातावर आणि तळपायावरसुद्धा, म्हणजे देवी. पोटापाठीवर दाट, एक दाणा ताजा तर शेजारचा वाळलेला, तळहात मोकळा, म्हणजे कांजण्या. माझ्या बायकोने आत्याबाईंचा तळहात उघडून पाहिला आणि मिटून ठेवला. मग तो वडिलांनी पाहिला.

देवी म्हटल्यावर घर बंद करावं लागतं. दाराला कडूनिंब बांधायचा, म्हणजे बाहेरचा कुणी आत येत नाही. घरातल्याने दुसऱ्याच्या घरी जायचं नाही. फोडणी नाही, डोक्याला तेल नाही, न्हावी नाही. मजूर त्या घरच्या शेतात पाय ठेवत नाहीत आणि गाडीवान त्या अंगणातला माल भरत नाही. खपल्या पडून बाईला निंबाच्या पाण्याने न्हाऊ घालेपर्यंत असं चालतं. आज विचार केला तर वाटतं, यातल्या अर्ध्या गोष्टी डॉक्टरानेही सांगितल्या असत्या. पण अंगणात गाड्या उभ्या होत्या, शेवटच्या पाळीची वेचणी चालू होती, आणि घर बंद करायला कुठलंही वर्ष चाललं असतं, ते वर्ष सोडून.

वडिलांनी अकोटाहून वैद्य आणवले. ते उंबरठ्याच्या आत आले नाहीत. माझ्या बायकोने आत्याबाईंची नाडी धरली, कशी लागते ते वैद्यांनी बाहेरून तिला विचारलं, आणि डोळे मिटून विचार केला.

"कांजण्या म्हणायला हरकत नाही," ते म्हणाले.

"मंग म्हणा," वडील म्हणाले.

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "कांजण्या लेकरायले येतात! मी काय लेकरू हाये? थे माय सोता माह्या घरी आली, अन् तुमी तिले तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाका मारून राहिले!"

"आक्का, तू पडून राय."

"पडूनच हावो मी. तू उभा हायेस म्हणून सांगून राहिली. दाराले निंब बांध."

"थोडी दमानं घे. फागुन लागला का बांधतो."

"फागुनापर्यंत माय तुही वाट पाहत बसन काय रे?"

वैद्यांनी जाताना घोट्यापर्यंत पाय धुतले. कांजण्यांना इतके पाय कुणी धूत नाही.

त्या वर्षी आमच्या घरात रोगाचं निदान बाजारभावाने झालं. दाराला निंब लागला नाही. मजूर आले, गाड्या भरल्या. आत्याबाई मागच्या खोलीत पडून होत्या आणि माझी बायको त्यांचं सगळं करत होती. तिला आणि मला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, वडिलांनाही. एकदा येऊन गेल्यावर पुन्हा येत नाहीत, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मजुरांना कुणी विचारलं नाही.

देवी तशी बेताची आली होती. आत्याबाई वाचल्या. दाण्यांच्या खपल्या झाल्या, खपल्या गादीत पडल्या. न्हाऊन झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"हे गादी खोळीसकट नाल्याकाठी पूर. वरतून दगड ठेव. तुह्या बापानं मायचं काही केलं नाई, येवढं तरी तू कर."

"करतो," मी म्हणालो.

"अन् कापूस चांगला हाये म्हणून पाहत बसू नको."

मी गादी खांद्यावर टाकली, फावडं घेतलं आणि निघालो. गादी भारी होती. कापूस खरंच चांगला होता. गावभर लोक लहान मुलांच्या दुपट्यांतून मूठ मूठ कापूस काढत होते आणि मी ही भरगच्च गादी मातीत घालायला निघालो होतो. त्या वर्षी माणूस पुरण्यापेक्षा कापूस पुरणं जड होतं.

नाल्याच्या वाटेवर, गावाच्या टोकाला पिंजाऱ्याचं घर आणि त्याला लागून कुडाची खोली होती. तिथे तो आणि त्याचा भाऊ पाळीपाळीने कमान चालवत. तातीचा आवाज वाटेपर्यंत येई. पिंजाऱ्याच्या भुवया, मिशा, कान, सगळ्यांवर कापसाची लव असायची. त्याचं खरं वय तो आंघोळ करून बाहेर पडला तरच कळायचं. मी दिसताच त्याने कमान थांबवली.

"काहून भाऊ, गादी घेऊन कुठं? सासुरवाडीले मुक्काम हाये काय?"

तोवर माझं काहीच ठरलं नव्हतं. "तुह्याकडंच आलो," मी म्हणालो.

त्याने गादीवर हात फिरवला. "हे तर आत्याबाईची. आमच्या घरचीनंच शिवली होती." मग हात तिथेच ठेवून म्हणाला, "त्या बिमार होत्या म्हणे?"

"कांजण्या झाल्या होत्या. बऱ्या झाल्या."

"कांजण्याच ना? देवी असन तर आपुन हात नाई लावत, भाऊ. आमच्यात बी मानतात."

"अकोटच्या वैद्यानं सांगतलं. कांजण्या."

त्याने टाके उसवून एक मूठ बाहेर काढली आणि उजेडात धरली. कापसात बारीक काळसर कोंडा होता. तो त्याने बोटांत चुरला. "ह्या खपल्या?"

"कांजण्यांच्या."

"मंग काही फिकीर नाई," तो म्हणाला. "पिंजल्यावर सब साफ."

वैद्याचा शब्द त्याने मानला. मीही तो मानतो आहे असं दाखवलं. कापूस वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने दार लावून घेतलं आणि मी फावडं घेऊन घरी आलो. फावड्याला माती लागलेली नव्हती, म्हणून अंगणातच दोनदा जमिनीत मारलं.

पिंजलेला कापूस त्याने माझ्याकडे पोचवला. त्यातून त्याने मजुरीचा वाटा ठेवून घेतला होता. माझा वाटा आमच्या गाडीत मिसळला आणि अमरावतीला गेला, तिथून मुंबईला, तिथून जहाजाने पुढे. आत्याबाईंच्या देवीचा थोडा प्रसाद विलायतेलाही गेला असावा. तिकडे काय झालं ते कळलं नाही.

इकडे काय झालं ते फाल्गुनात कळलं. आधी पिंजाऱ्याचा भाऊ तापाने पडला, मग पिंजारी. मग त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी पिंजायला गोधड्या दिल्या होत्या, त्यांच्या घरी लेकरं पडू लागली. त्या घरांतून साथ शेजारी गेली. पिंजाऱ्याच्या बायकोला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, तिला काही झालं नाही. तिने आपल्या दाराला स्वतःच निंब बांधला. गावात त्या साथीतला पहिला निंब तिच्या दाराला लागला आणि तेच तिच्या अंगाशी आलं. पहिला निंब जिथे, रोग तिथून, असा लोकांनी हिशेब केला. पिंजारी मधूनमधून अमरावतीला जात असे, हेही लोकांना आठवलं. आमच्या आत्याबाई अमरावतीला बारशाला गेल्या होत्या, हे कुणाला आठवलं नाही. बारशाला सगळेच जातात.

आमच्या घरात एकालाही ताप आला नाही. गावाने याचा अर्थ असा घेतला की देवीची आमच्यावर मर्जी आहे. लोक वडिलांना विचारायला येऊ लागले की तुम्ही काय केलं.

पिंजारी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको मला शेताच्या वाटेवर भेटली. मी तिला भाभी म्हणत असे. ती रडत नव्हती.

"भाऊ, थ्या कांजण्या नवत्या."

मी वाटेच्या कडेला सरकलो.

"घरच्याचे तळहात मी सोता धुतले. माहीत हाये मले." तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. "मले भांडायचं नाई. गेलेलं मानूस काही येत नाई. पन देवर बी जायच्याच वाटेवर हाये, अन् लोक म्हनून राहिले का आमाले गावातून काढतीन. माही पोरगी बिमार हाये. थिले घेऊन मी कुठं जाऊ? तुमी पाटलाले फक्त येवढं सांगा का गादी गावातलीच होती. कोनाची, थे नका सांगू."

"सांगतो," मी म्हणालो.

"कवा?"

"आजच."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

मी घरी आलो तेव्हा वडील गाडीच्या आसाला वंगण लावत होते. पाटलाकडे जाण्याआधी त्यांना सांगावं असं मी ठरवलं होतं. मी जवळ उभा राहिलो. त्यांनी वंगणाचं नळकांडं माझ्या हातात दिलं. एक चाक झालं, दुसरं झालं. "काही म्हणत होता काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "डाव्या चाकाचा आवाज येते." त्यांनी डाव्या चाकाला पुन्हा वंगण लावलं.

त्याच आठवड्यात अकोल्याहून सरकारचा देवी काढणारा, म्हणजे टोचणारा, आला. देशावरचा माणूस, बोलणं तोडून तोडून. त्याच्याबरोबर गाडीत एक बाई होती आणि तिच्या मांडीवर तान्हं मूल. त्या मुलाच्या दंडावर टपोरा फोड आलेला होता. त्यातलं पाणी सुरीच्या टोकावर घ्यायचं आणि दुसऱ्याच्या दंडावर ओरखडा काढून त्यात लावायचं. आठवड्याने त्याला फोड आला की त्याच्यावरून तिसऱ्याला. अशी त्याची रीत होती. पाटलाच्या ओट्यावर गाव जमलं, पण दंड कुणी पुढे करेना.

"ते लेकरू कोन्या जातीचं हाये?" एकाने विचारलं.

"मूळ फोड गाईचा आहे," तो म्हणाला. "आता गाईची जात विचारायची असेल तर विचारा."

यावर थोडी चर्चा झाली आणि काही दंड पुढे आले. तो चलाख होता. टोचता टोचता विचारत होता. पहिला ताप कुणाला आला? त्याआधी कुणाला? त्याआधी? ज्यांच्या घरी रोगी आहे त्यांनी आधी या, अजून ताप नसेल तर टोचून उपयोग होतो, असं तो सांगत होता. मग त्याची नजर आत्याबाईंवर गेली. त्या कुणी न बोलावता येऊन बसल्या होत्या.

"बाई, तळहात दाखवा."

आत्याबाईंनी लगेच दाखवले. इतक्या दिवसांत त्यांचे तळहात कुणी मागून पाहिले नव्हते.

"कधी आल्या होत्या?"

"कांजण्या होत्या," वडील म्हणाले.

"देवी होती!" आत्याबाई म्हणाल्या. "माघात आली. मी गळा फाडून सांगून राहिली. ह्यायनं निंब बांधला नाई, नारळ फोडला नाई, म्हणून माय गावभर हिंडून राहिली!"

लोक हसले. आत्याबाई दरसाल पावसाबद्दलही असंच बोलत. पण देवी काढणारा हसला नाही. त्याने मला विचारलं, कारण मी जवळ होतो.

"यांचं अंथरूण काय केलंत?"

पाटील ऐकत होता. वडील ऐकत होते. आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना उत्तर ठाऊक होतं आणि ते ऐकायला त्यांना बरं वाटणार होतं.

"नाल्याकाठी पुरलं," मी म्हणालो. "वर दगड ठेवला."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि पुढच्या दंडाकडे वळला. गावातल्या एका माणसाने तरी अंथरूण नीट टाकलं याचं त्याला समाधान वाटलेलं दिसलं. आठवड्याने परत येऊन त्याने आमच्या गावातल्या फोडांवरून पुढच्या गावची सोय केली. ज्यांना वेळेत टोचलं त्यांतली बहुतेक वाचली. त्याचं काम चांगलं झालं. फक्त रोग कुठून आला याचं उत्तर त्याला चुकीचं मिळालं, आणि ते मी दिलं.

पाटलाने दोन दिवसांत निकाल केला. पिंजाऱ्याचं घर आणि खोली जाळायची, बाईने पोरीला घेऊन गाव सोडायचं. तिचा दीर तोवर तापाने गेला होता. खोलीत कापूस होता, त्यामुळे ती चांगली पेटली. बाईने पोरीला फडक्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. पोरीच्या तोंडावरच्या खपल्या अजून पडायच्या होत्या. मी वेशीजवळ उभा होतो. ती माझ्यासमोर थांबली.

"सांगतलं काय?"

"सांगतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि अकोटाच्या वाटेला लागली.

पाऊस पडायच्या आत साथ ओसरली. गावाने ठाणं बांधायचं ठरवलं आणि देवीच्या मर्जीतलं घर म्हणून पायाचा दगड वडिलांच्या हाताने बसवला. कापसाचं पीक चांगलं होतं, ठाणं चांगलं झालं. पुढे अमेरिकेतल्या भावांचं भांडण मिटलं आणि भाव पडले. शेंब्या मोडीत गेल्या. अकोल्याला आगगाडी आली. आत्याबाई गेल्या. शेवटपर्यंत त्या मला चांगला म्हणत, कारण त्यांच्या मते मायचं काही केलं असेल तर ते मीच. वडील गेले. मी दरवर्षी पहिला नारळ फोडला. सांगायला जागा पुष्कळ होती. रोज सकाळी होती. अकोटाला मी बाजाराला जात असे आणि तिथल्या पिंजाऱ्यांची गल्ली टाळून लांबून जात असे. तेवढं एक मी न चुकता केलं.

यंदा संक्रांतीनंतर भाभीचा नातू आला. ती मुलगी वाचली होती, तिचा मुलगा. अकोटाच्या सरकी काढायच्या जिनात काम करून त्याने पिंजण्याचं यंत्र घेतलं आहे आणि आजोळच्या गावात ते मांडायला त्याला जागा हवी होती. चावडीवर लोक बसले. लोकांचं म्हणणं पडलं की पोरगा चांगला आहे, पण तो त्या पिंजाऱ्याच्या घरचा आहे आणि देवीचं काम आहे. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. पहिला नारळ माझा, तेव्हा पहिला शब्दही माझा.

मी जे घडलं ते सांगितलं. गादी, खपल्या, वैद्य, फावडं, ओट्यावर दिलेलं उत्तर. फार वेळ लागला नाही.

मग एक जण म्हणाला, "बाबाजी, तुमचं आता वय झालं."

"तवा नव्हतं झालं," मी म्हणालो.

"मंग ठाणं?" पुजाऱ्याने विचारलं. "थे कोनाचं?"

"देवीचंच."

"अन् पहिला नारळ?"

हा प्रश्न मात्र सगळ्यांना एकदम पटला. नारळ आता कोणाकडे जावा यावर दोन घरांत बोलाचाली झाली, जुनी बांधाची भांडणं निघाली, एक जण उठून गेला आणि त्याला परत आणावं लागलं. पिंजाऱ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळ होऊ लागली तेव्हा लोक थकले होते आणि नातू अजून तिथेच बसलेला होता. तेव्हा त्याला जागा द्यावी असं ठरलं, फक्त चैत्रात यंत्र बंद ठेवावं.

"ठेवतो जी," तो म्हणाला. "चैत्रात तसीही गादी कोन भरते?"

नारळ माझ्याकडेच राहिला, कारण दुसरं काही ठरलं नाही. आणि पुजारी आता असं सांगतो की देवी आमच्या आत्याबाईंवर प्रसन्न होऊन त्यांच्या गादीवर बसून गावात आली. पिंजाऱ्याने ती गादी उसवली, म्हणून ती कोपली. मी त्याला म्हणालो की मी असं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "बाबाजी, मी तुमचंच सांगून राहिलो."

मागच्या आठवड्यात मी माझी गादी पिंजाऱ्याच्या नातवाकडे पाठवली, आणि मागोमाग मीही गेलो. यंत्र आत होतं. गादी त्याने आत नेली नाही. बाहेर खाटेवर टाकली, टाके उसवले आणि कापूस उन्हात मोकळा केला. दोन दिवस तो उन्हातच राहील, मग यंत्रात जाईल, असं म्हणाला. कुणाचीही गादी असो, त्याची ही रीत आहे. आजीने लावलेली.

मग त्याने विचारलं, "यावर कोन निजे, बाबाजी?"

"मी."

"बिमार हाये काय?"

"नाही. म्हातारा हाये."

त्याने एक मूठ उचलून उजेडात धरली, झटकली, खाली ठेवली. मी विचारलं, आजीने त्याला कधी त्या गादीचं काही सांगितलं होतं का.

"सांगे ना," तो म्हणाला. "गावातली एक गादी होती म्हने. कोनाची ते नाई सांगतलं तिनं. आमी लई विचारलं. म्हने, थ्यानं सांगतो म्हनलं हाये. सांगन थो."

"कधी गेली ती?"

"झाले काही साल."

तो पुन्हा कापूस मोकळा करू लागला. ऊन चांगलं होतं. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि गठ्ठे फोडून त्याच्याकडे सरकवू लागलो. त्याने मला नको म्हटलं नाही.